नैऋत्येची खिडकी

"ही खिडकी बंद," असं म्हणून दत्तूमामांनी माझ्या ड्रॉइंगवर लाल मार्करने फुली मारली. मग टोपण लावलं आणि मार्कर स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. मार्कर माझा होता.

"का बंद?" मी विचारलं.

"नैऋत्य आहे."

"मग?"

"मग काय मॅडम? नैऋत्य बंद असते, जड असते. तिथं भोक पाडायचं नसतं. एवढं तर कुणालाही ठाऊक असतं."

मी अंबरनाथला आर्किटेक्ट आहे. ऑफिस पूर्वेला, खाली झेरॉक्सवाला, वर मी. माझ्याकडे टॉवर बांधणारे बिल्डर येत नाहीत. मला ते आवडत नाहीत आणि त्यांना मी. माझ्याकडे येतात ती स्वतःचं घर बांधायला निघालेली माणसं. अशा माणसांबरोबर नेहमी एक मामा येतो. कधी तो काका असतो, कधी मेव्हणा, कधी ऑफिसातला कुणी जाणकार मित्र. त्याला त्या घरात राहायचं नसतं, पण घर कसं असावं हे फक्त त्यालाच माहीत असतं. या वेळी तो खरोखरचा मामा होता, एवढाच काय तो फरक.

घर होतं संतोष देसलेचं. संतोष एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. स्वभावाने गरीब, मोठ्या माणसापुढे तोंड न उघडणारा. सोनिवलीला वडिलांच्या वाटणीची, जुनं घर पाडून मोकळी केलेली जागा होती, त्यावर खाली-वर असा छोटा बंगला बांधायचा होता. तोपर्यंत सगळे बदलापूरला चौथ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. संतोष, त्याची बायको अश्विनी, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि संतोषची आई, जनाबाई.

जनाबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात, डावा पाय कामातून गेलेला. धरून बाथरूमपर्यंत जायच्या, तेवढंच. ही बाई सगळं आयुष्य शेतात. भात लावणं, काढणं, भारे वाहणं, संध्याकाळी बाजारात वाल नाहीतर काकड्या घेऊन बसणं. आता दिवसभर एका पलंगावर. म्हणजे घर पाच जणांचं, पण चोवीस तास त्यात राहणार एकट्या जनाबाई. बाकीचे काय, झोपायला येणार.

आणि घर बांधायचं ठरलं तेही त्यांच्यामुळेच. आदल्या मे महिन्यात बदलापूरची लाईट भर दुपारी गेली ती आलीच नाही. फ्लॅटमध्ये जनाबाईंची शुद्ध हरपली. लिफ्ट बंद. संतोष आणि शेजाऱ्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली उतरवलं. डॉक्टर म्हणाले, दुसरं काही नाही, उकाड्यानं झालंय, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. पहिल्या भेटीत संतोषने मला एवढंच सांगितलं होतं. "मॅडम, बाकी कसंही बांधा. पण आईला परत त्या खुर्चीतून न्यायची पाळी माझ्यावर आणू नका."

तर हे असं होतं. आणि आता मामांनी नेमकी जनाबाईंच्याच खोलीची खिडकी उडवली होती.

आपल्याकडच्या उकाड्याची गंमत सांगते, म्हणजे मी एका खिडकीसाठी एवढी का भांडले ते कळेल. विदर्भातला उन्हाळा कोरडा. तिथे भिंती जाड ठेवा, खिडक्या लहान ठेवा, कूलर लावा, भागतं. आपला उकाडा ओला. हवेत आधीच एवढं पाणी असतं की अंगावरचा घाम वाळतच नाही. आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं, दुसरा उपाय देवाने दिलेला नाही. घाम वाळायला हवा हलती पाहिजे. हवा हलायला खोलीला दोन तोंडं पाहिजेत, एक वारा आत यायला, एक बाहेर जायला. आणि आत येणारं तोंड वाऱ्याच्या बाजूला पाहिजे. पाठमोऱ्या बाजूला चार खिडक्या काढल्यात तरी त्या शोभेच्या.

सोनिवलीच्या प्लॉटवर मी बांबूला रिबन बांधून दुपार-दुपार उभी राहिले होते. पूर्वेला आणि उत्तरेला नवीन बिल्डिंगा उठल्यात, तिकडून वारा नावालाही नाही. दक्षिण-पश्चिमेच्या कोपऱ्यात मात्र शेत आहे, पलीकडे नाला. दुपार कलली की रिबन तिकडून सरळ आडवी उडायची. म्हणजे या घराला श्वास घ्यायला जागा एकच, नैऋत्य.

आता वास्तुशास्त्र काय म्हणतं? घरातलं मोठं माणूस नैऋत्येच्या खोलीत असावं. मी म्हटलं, वा, उत्तम! जनाबाईंची खोली तिथेच काढली. मी काही वास्तूच्या विरोधात झेंडा घेऊन फिरत नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला म्हणाले, दिलं. सकाळचं ऊन येतं, ओटा कोरडा राहतो, चांगलंच आहे. देवघर ईशान्येला, दिलं. दार पूर्वेला, दिलं. पण त्यापुढे मामांचं म्हणणं असं की नैऋत्येच्या खोलीला दक्षिणेला आणि पश्चिमेला एकही खिडकी नको. म्हणजे घरातली सगळ्यात वाऱ्याची खोली म्हातारीला द्यायची आणि मग तिचं नाक दाबून धरायचं!

"आपण आईच्या रूमला एसी लावू ना, मॅडम," संतोष मध्ये पडला.

"तुमच्या फ्लॅटमध्ये मागच्या मेमध्ये एसी नव्हता का?"

तो अश्विनीकडे बघायला लागला.

"होता की नव्हता?"

"होता."

"मग?"

अश्विनी खुर्चीत सरळ बसली, पण बोलली नाही. मामांपुढे घरातलं कुणीच बोलत नव्हतं. दत्तूमामा म्हणजे जनाबाईंचे धाकटे भाऊ. मंडप डेकोरेटर. बदलापूरपासून वांगणीपर्यंत हळदीचा मांडव म्हटलं की मामांचाच. संतोषचे वडील गेल्यावर या घराला हातभार लावला तो मामांनी. भाचीचं, म्हणजे संतोषच्या बहिणीचं लग्न त्यांनीच उभं राहून लावलं. त्यामुळे मामा म्हणतील ती पूर्व दिशा.

"मॅडम, तुमचं शिक्षण मोठं आहे, मान्य," मामा म्हणाले. "पण एक सांगतो. आमच्या दाजींनी जुन्या घराला नैऋत्येला मोरी फोडली. मी हात जोडले होते, दाजी, ती बाजू सोडा. नाही ऐकलं. वर्षाच्या आत गेले. आता तुम्ही माझ्या बायच्या उशाशी भोक पाडताय. मी गप्प बसू?"

बाय म्हणजे थोरली बहीण. तो शब्द म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. मला तेव्हा कळलं, हा माणूस हट्टी नाही, घाबरलेला आहे. वाईट वाटलं. पण राग काही गेला नाही. माणूस घाबरलाय म्हणून वारा दिशा बदलतो का?

माझं बालपण विठ्ठलवाडीच्या चाळीत गेलं. खोली एवढीशी, पण दार पुढे आणि खिडकी मागे, समोरासमोर. मे महिन्यात आम्ही सहा जण त्या खोलीत ओळीने झोपायचो आणि झोप लागायची. पुढे हातात चार पैसे आले, भावाने बाजूची खोली घेतली, मागची खिडकी बुजवून तिथे शोकेस केलं. त्या शोकेसमध्ये आजही काचेची बदकं आहेत आणि त्या खोलीत कुणी झोपत नाही. तेव्हापासून माझं डोकं खिडकी बुजवणाऱ्यांवर फिरतं ते फिरतंच.

"मामा," मी म्हटलं, "ही फुली राहणार असेल तर दुसरा आर्किटेक्ट बघा. या प्लॅनवर मी सही करणार नाही."

"अहो मॅडम..." संतोष उठला.

"नाही. तुम्हीच मला म्हणालात ना, आईला परत खुर्चीतून नेऊ देऊ नका? मग मला ते काम करू द्या. नाहीतर माझं नाव त्या खोलीवर नको."

मामा उठले. दारात वळून म्हणाले, "आर्किटेक्ट काय, पावलापावलावर आहेत." आणि गेले. माझ्या मार्करसकट.

दुसऱ्या दिवशी अश्विनीचा फोन आला. आवाज दबका, बहुतेक गॅलरीतून बोलत होती.

"मॅडम, तुम्ही काम सोडू नका. त्या खोलीत आईंचं सगळं मी करते. घामानं त्यांच्या पाठीला काय होतं ते मला माहिती आहे. मामांना पावडर लावायला यावं लागत नाही."

"मग हे काल का नाही बोललात?"

"मामांपुढे? आमच्यात नाही बोलत मॅडम." मग म्हणाली, "आईंना रात्री सांगितलं सगळं. तर म्हणतात, मना कुणी इचारला का? त्यांना प्लॅन दाखवला. त्यांना काय कळणार त्यातलं? म्हणतात, रेघा नको दाखवू, जागा दाखव."

फोन ठेवला आणि मी बसल्या जागी टाळी वाजवली. बाई बरोबर बोलली होती. नकाशा निम्म्याहून जास्त क्लायंटना कळत नाही. 'हो हो' म्हणतात आणि घर उभं राहिलं की 'अय्या, हॉल एवढाच?' म्हणून रडतात. म्हणून मी बऱ्याचदा प्लॉटवर चुन्याची फक्की टाकून खोल्या खऱ्या मापात आखून दाखवते. या वेळी मला नुसत्या रेघा पुरणार नव्हत्या. भिंती हव्या होत्या. दोन दिवसांत उभ्या राहणाऱ्या, दोन दिवसांत काढता येणाऱ्या. असल्या भिंती कुणाकडे असतात?

मी मामांना फोन लावला.

"मामा, एक मांडव पाहिजे."

"कुणाचं लग्न?"

"लग्न नाही. सोनिवलीच्या जागेवर तुमच्या बायची खोली उभी करायची. कपड्याची. खऱ्या मापाची. आणि तुमच्या प्लॅनप्रमाणे, फुली मारलेली."

"माझ्या प्लॅनप्रमाणे?"

"शंभर टक्के तुमच्या. नैऋत्य गच्च बंद. रविवारी दुपारी बायला आणून त्यात बसवू. त्यांना बरं वाटलं तर मी मुकाट्याने सही करते. नाही वाटलं तर माझी खिडकी परत द्यायची."

"मॅडम, हा पोरखेळ आहे."

"बरं. मग उल्हासनगरच्या एका मंडपवाल्याला विचारते. त्याचं कापड जरा..."

"त्याचं कापड?" मामा उसळले. "त्याच्या कापडातून चंद्र दिसतो! मी घालतो ना. कधी पाहिजे?"

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा मामांचे बांबू रोवून झाले होते. मला माणसाचं काम बघितलं की राग विसरायला होतो. दोऱ्या ताठ, गाठी एकसारख्या, मापात एक बोट फरक नाही. वर दुहेरी कापड आणि त्यावर ताडपत्री, मीच सांगितली होती, नाहीतर डोक्यावर ऊन उतरतं. चारी बाजूंनी कनाती. कनात म्हणजे मांडवाची कापडी भिंत. उत्तरेला एक खिडकी, पूर्वेला दार, मामांच्या प्लॅनमध्ये होतं तसं. दक्षिण-पश्चिमेला कनाती दुहेरी, खाली विटा ठेवून दाबलेल्या. कपड्याची भिंत विटेच्या भिंतीसारखी नसते हे मलाही कळतं. पण वारा कुठून येतो आणि कुठून येत नाही, एवढं कळायला ती पुरेशी होती.

जेवणं झाल्यावर जनाबाईंना गाडीतून आणलं. झटका आल्यापासून त्या जागेवर पहिल्यांदाच येत होत्या. संतोषने आणि अश्विनीने दोन्ही बाजूंनी धरलं. त्या उभ्या राहिल्या, सगळीकडे नजर फिरवली.

"माझा तुळशीचा वट्टा कुठं गेला रं?"

"काढलाय आई. परत बांधू."

"आंबा तोडला नाय ना?"

"नाही, तो बघ."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तूच का ती भांडकुदळ बाई?"

"हो, मीच," मी म्हटलं.

"बरा झाला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत एक पलंग ठेवला होता. त्यावर जनाबाई. बाजूला खुर्च्यांवर आम्ही. पंखा नाही, वारा घालायला पुठ्ठाही नाही, ही माझी अट. मामा ऐटीत पायावर पाय टाकून बसले. अश्विनीने थर्मासमधला चहा ओतला. संतोषने विषय काढायचा म्हणून पालेगावातल्या एका बंगल्याचा फोटो मला दाखवला. पुढे सगळी निळी काच.

"असं एलिव्हेशन आपल्याला नाही का येणार, मॅडम?"

"येईल. मे महिन्यात हॉलमध्ये पापड भाजता येतील. गॅस वाचेल."

जनाबाई हसल्या. मामाही हसता हसता राहिले.

मग हळूहळू बोलणं थांबलं. आतली हवा जड व्हायला लागली. संतोषचा शर्ट पाठीला चिकटला. माझ्या कानामागून धार लागली. मामांनी गळ्यातला टॉवेल काढून मान पुसली, परत घातला, परत काढला. सगळे आपापल्या हट्टाला चिकटून. जनाबाईंच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. त्यांनी उजव्या हाताने पदर वर न्यायचा प्रयत्न केला, तो निसटला. अश्विनीने उठून तोंड पुसलं. पुसलं की परत तेच. चेहरा लाल झाला होता. आता मात्र मला धास्ती वाटायला लागली. खड्ड्यात गेली पैज, या बाईला काही झालं तर? 'बस्स झालं, बाहेर चला' म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात जनाबाई म्हणाल्या, "दत्तू, जीव घाबरतो रं."

मामा ताडकन उठले आणि बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या माणसावर ओरडले, "अरे बघत काय बसलास? कनात वर घे! म्हाताऱ्या माणसाला कोंडून मारतोस का?"

"कुठली घेऊ, शेठ?"

"कुठली म्हणजे? आज धंद्यात आलास का? वाऱ्याची! ती नाल्याकडची! घे वर पटकन!"

हळदीच्या मांडवात बायका दाटीने बसलेल्या असतात, नाचतात, घामाघूम होतात. तेव्हा मंडपवाला काय करतो? वाऱ्याच्या बाजूची कनात गुंडाळून वर बांधतो. मामांनी ते आयुष्यभर केलं होतं. तोंडातून जे निघालं ते डोक्याला न विचारता निघालं.

माणसाने विटा बाजूला सारल्या आणि कनात गुंडाळली. आधी काही झालं नाही. मग उत्तरेकडची कनात बाहेरच्या अंगाला फुगली. जनाबाईंच्या कपाळावरचे केस हलले. पदर हलला. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास सोडला.

"हां. आता कसा."

संतोष मामांकडे बघत होता. अश्विनी खाली बघत होती, पण तिचा खांदा हलत होता, हसू दाबत होती.

"मामा," मी म्हटलं, "ही बाजू कुठली हो?"

मामांनी वर सूर्याकडे बघितलं. मग उघड्या बाजूकडे. मग माझ्याकडे.

"मांडवाचं वेगळं असतं," ते म्हणाले.

"कसं वेगळं?"

"मांडव दोन दिवसांचा. घर जन्माचं."

"म्हणजे दोन दिवस वारा घेतला तर चालतो, जन्मभर घेतला तर नाही?"

"मॅडम, थट्टा नका करू. माझे दाजी..."

"दत्तू," जनाबाई बोलल्या. डोळे अजून मिटलेलेच. "तुझे दाजी बिडीनं गेले. मोरीनं नाय."

मामांनी गळ्यातला टॉवेल हातात घेतला.

"मी त्यांच्यासंगं संसार केला, मना ठाव हाय. खोकून खोकून गेले. डॉक्टरनी सांगितला होता, बिडी सोडा. तू तेवा रडत होतास, मोरीला शिव्या देत होतास. मी म्हटला, देऊ दे. तेवढाच त्याला बरा वाटंल. म्हणून गप बसले." त्यांनी डोळे उघडले. "आता माझी खोली हाय. मी गप नाय बसनार. मना वारा पायजे."

मामा खाली बसले. टॉवेल तोंडावर धरला. घाम पुसत होते का आणखी काही, मी बघितलं नाही. मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. संतोष उठून त्यांच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवला. मोठ्या माणसाला असं हात लावताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

जरा वेळाने मामांनी टॉवेल काढला. आवाज परत धंद्यातला झाला होता. "आणि पावसाचं काय? पाऊस पण तिकडूनच येतो. जून ते सप्टेंबर बायच्या अंथरुणावर पाणी. त्याचं काय?"

मला असं बरं वाटलं म्हणून सांगू! दोन आठवड्यांत हा पहिला खरा प्रश्न होता. पाऊस नैऋत्येचाच असतो, आणि दुपारचं ऊनही तिकडून कलतं. नुसती खिडकी काढून भागणार नव्हतंच.

"बाहेर पडवी काढू," मी म्हटलं. "चांगली खोल. तिच्यावर उतरतं छप्पर. ऊन आणि पाऊस पडवी घेईल, वारा तेवढा आत जाईल."

"छप्पर आणखी खाली आणा," मामा म्हणाले. "पावसातल्या मांडवाला आम्ही पुढचं कापड तिरकं सोडतो. वारा येतो खालनं, पाणी नाही येत."

"आणते."

"आणि ती बाजू जड पाहिजे. ते मी नाही सोडणार."

"पाण्याची टाकी बरोब्बर त्या कोपऱ्यावर चढवते. भरल्यावर हत्तीएवढी होते. आणखी जड पाहिजे?"

त्यांनी जनाबाईंकडे बघितलं. त्या पलंगावर झोपी गेल्या होत्या.

"चालंल," मामा म्हणाले.

बांधकाम सुरू झाल्यावर कटकटी संपल्या असं कुणाला वाटत असेल तर त्याने कधी घर बांधलेलं नाही. संतोषला निळी काच शेवटपर्यंत हवी होती, ती मी शेवटपर्यंत दिली नाही. गच्चीवर सरळ स्लॅब उघडा ठेवला तर दिवसभर तापून रात्रभर खालच्यांना भाजतो, म्हणून त्यावर उंच पत्र्याची शेड घेतली. आपल्याकडे ती लोक गळती लागली की घालतात, मी आधीच घातली. आणि कॉन्ट्रॅक्टरने जनाबाईंच्या खिडकीचा सिल, म्हणजे खिडकीखालची बांधलेली भिंत, कमरेपर्यंत नेली. सगळीकडे तशीच करतो म्हणाला. पलंगावर झोपलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जायचा तर सिल पलंगाच्या उंचीला पाहिजे. एवढं ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं होतं.

"मॅडम, झालं ना आता. थोडाच फरक आहे."

"तोडा."

"अहो, प्लास्टर झालंय."

"प्लास्टरसकट तोडा."

तो मामांकडे वळला. बायामाणसांचं ऐकायचं नसलं की सगळे मामांकडेच वळतात. मामा पलंगाच्या जागी चक्क जमिनीवर आडवे झाले, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "वारा माझ्या डोक्यावरनं चाललाय. तोड."

पुढच्या मेमध्ये मी सोनिवलीला गेले. मी बांधलेल्या प्रत्येक घरी मी मेच्या सगळ्यात वाईट दुपारी एकदा जाते, न सांगता. घर बरोबर झालंय का चुकलंय हे तेव्हाच कळतं. वास्तुशांतीच्या दिवशी सगळीच घरं छान असतात. लाईट सकाळपासून गेलेली होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. जनाबाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर ताट, एका हाताने वाल निवडत होत्या.

ज्यांच्यासाठी एवढा तमाशा केला त्या बाहेर?

"आई, आत उकडतंय का?"

"नाय गं. आत मस्त हाय."

"मग बाहेर का बसलात?"

"जागा नाय आत," त्या म्हणाल्या. "दत्तू येतो ना रोज दुपारचा. बहिणीला बघायला."

मी दारातून डोकावले. पलंगावर, खिडकीखाली, दत्तूमामा तोंड उघडं टाकून घोरत होते. पडदा त्यांच्या पोटावरून आत येत होता, मागे जात होता. अश्विनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "उठवू नका, उठले की पलंग सोडायच्या आधी चहा मागतात."

धडा काय म्हणाल तर फार मोठा नाही. घराचा प्लॅन कागदावर पास करू नये, मे महिन्यात दुपारी पंखा बंद करून त्यात बसावं. आणि ज्याला त्या घरात राहायचंय त्याला आधी विचारावं, मामाला नंतर.

मामांच्या शर्टाच्या खिशात लाल मार्कर होता. मांडवाच्या कापडांच्या गठ्ठ्यांवर खुणा करायला तोच वापरतात, अश्विनीने सांगितलं. मी वाकून तो हळूच काढून घेतला. मार्कर माझा होता.